मावळच्या पावसात वेल्डिंग: करंटची परतीची वाट

पाणी आणि वीज यांची सोयरीक लोणावळ्याला नवी नाही. वळवण, लोणावळा आणि शिरवता इथे अडवलेलं पावसाचं पाणी घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त खोल उतरतं, खोपोलीच्या वीजगृहातली चक्रं फिरवतं आणि १९१५ पासून मुंबईला वीज पुरवतं. टाटांनी या योजनेसाठी ही जागा निवडली, कारण इथे पाऊस भरपूर आणि कडा उभा. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून कामशेत, वडगाव, तळेगाव असं पूर्वेला येत जावं तसा तो झपाट्याने उतरतो.

हाच पाऊस मावळातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना काम देतो. मे महिना आला की हॉटेलांपुढची पत्र्याची छपरं, बंगल्यांची गंजलेली गेटं, गॅलरीचे कठडे, गोठ्यांच्या शेड, तळेगावच्या बाजूची गुलाबाची पॉलिहाउस या सगळ्यांना एकाच वेळी वेल्डर हवा असतो. कामं रेंगाळतात, मृग लागतो, आणि अंगण ओलं असतानाच वेल्डिंगचा सेट चालू होतो.

ठिणगी दिसते, उजेडही दिसतो, त्यामुळे त्यांच्यापासून माणूस आपोआप सावध राहतो. करंट दिसत नाही. म्हणून सेट मांडताना, रॉड बदलताना, क्लॅम्प लावताना एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: मशीनमधून निघालेला करंट मशीनकडे परत कुठून जाणार आहे? उत्तर नेमकं माहीत असेल तर निम्मे अपघात सुरू होण्याआधीच टळतात.

मशीन नेमकं काय करतं

घरगुती सप्लाय २३० व्होल्टचा. दुकानातले जुने, तेलात बुडवलेले जड ट्रान्सफॉर्मर सेट बहुधा दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात. हल्ली खांद्याला अडकवून नेता येणारे इन्व्हर्टर सेट सगळीकडे दिसतात. दोन्हींचं काम एकच: व्होल्टेज उतरवायचं आणि करंट वाढवायचा. नुसतं चालू केलेल्या सेटचा रॉड धरणारा होल्डर आणि जॉब, म्हणजे ज्या लोखंडावर काम चालू आहे ते, यांच्यात साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. रॉड टेकवून उचलला, ज्योत धरली, की व्होल्टेज पंचवीसच्या आसपास येतं. याचा ढोबळ हिशेब असा: २० अधिक अँपिअरच्या ०.०४ पट. १२० अँपिअरला ते २४.८ व्होल्ट होतं. म्हणजे काही मिलिमीटरच्या फटीत जवळजवळ तीन किलोवॅट उष्णता ओतली जाते. ज्योतीचं तापमान सहा हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. पोलाद दीड हजार अंशांनाच वितळतं.

धातूचाच रॉड वितळवून सांधा भरण्याची पद्धत रशियात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये आणली. उघड्या तारेची ज्योत सारखी तुटायची आणि हवेमुळे सांधा ठिसूळ व्हायचा. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी तारेवर लेप चढवला. १९०४ मध्ये त्यांनी काढलेली इसाब कंपनी आजही याच धंद्यात आहे. भारतात अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली. तिचीच आजची अॅडोर वेल्डिंग चिंचवडला कारखाना चालवते. रॉडवरचा तो लेप जळून धूर होतो आणि हवा बाजूला सारतो, वितळून स्लॅग होतो आणि सांध्यावर पांघरूण घालतो. सांध्याची मजबुती आणि वेल्डरच्या छातीत जाणारा धूर, दोन्हींचं मूळ त्या लेपात आहे.

ऐंशी व्होल्ट आणि ओलं अंग

"वेल्डिंगचा करंट लागत नाही" असं जुने कारागीर सहज सांगतात. कोरड्या हवेत, कोरड्या हातांनी काम करताना बहुधा नुसती झिणझिणी येते, हे खरं. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे अंगातून जाणारा करंट थोडा राहतो. घामाने किंवा पावसाने अंग भिजलं की हा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग ८० व्होल्टला हजार ओहमने भागा: ८० मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअर जाणवतो, दहाच्या आसपास हाताची मूठ आवळते आणि सुटत नाही, आणि पन्नासच्या पुढे काही क्षण करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. भिजलेल्या वेल्डरसाठी ऐंशी व्होल्ट पुरेसे आहेत.

सगळ्यात वाईट क्षण रॉड बदलतानाचा. तेव्हा ज्योत नसते, म्हणजे होल्डरवर पूर्ण ७०-८० व्होल्ट असतात. डाव्या हातात नवा रॉड, हातमोजा ओला किंवा काढून ठेवलेला, गुडघा गेटला टेकलेला. गेटचे खांब जमिनीत रोवलेले आणि अंगणात पाणी असेल, तर भिजलेल्या चपलेने उभं राहणं म्हणजे गेटला हात लावून उभं राहण्यासारखंच. परतीची वाट तयार असते, फक्त माणूस मधे यायचा बाकी असतो.

इथे एक समज दूर करायला हवा. मेन बोर्डावर आरसीसीबी आहे, करंट लागला तर तो पडेल, असं अनेकांना वाटतं. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा करंट ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सप्लाय तोडतो. पण वेल्डिंग सेटच्या आत प्रायमरी आणि सेकंडरी गुंडाळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. शक्ती चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. पलीकडचा करंट टाक्यातून गेला काय आणि माणसातून गेला काय, बोर्डावरच्या आरसीसीबीला त्यातला फरक कळत नाही. तो हवाच, कारण सप्लायची वायर सोलवटली किंवा मशीनच्या बॉडीत फेज आला तर तोच वाचवतो. होल्डरच्या बाजूला मात्र तुमचे कोरडे हातमोजे, कोरडे बूट आणि पायाखालची कोरडी फळी याशिवाय कोणी राखणदार नाही.

म्हणून नवा सेट घेताना अँपिअरबरोबर त्याची पट्टीही वाचा. चौकटीत एस हे अक्षर असेल, तर तो सेट शॉकचा धोका जास्त असलेल्या जागीही चालवण्यासाठी बनवलेला आहे. अशा सेटला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नुसत्या चालू अवस्थेत एसीचे ४८ व्होल्ट किंवा डीसीचे ११३ व्होल्ट यांची मर्यादा असते. एसीची मर्यादा एवढी खाली आहे, कारण एसी स्नायू जास्त घट्ट धरून ठेवतो. काही इन्व्हर्टर सेटमध्ये व्हीआरडी नावाची सोय असते. ज्योत नसताना ती व्होल्टेज आणखी उतरवते. ओल्या मुलखात या सोयीसाठी दोन पैसे जास्त द्यावेत. त्याच पट्टीवर आयपी २१ लिहिलं असेल तर मशीन छपराखालचं, आयपी २३ असेल तर शिंतोडे सोसणारं. भर पावसात उघड्यावर मात्र दोन्ही चालवू नयेत.

दोन वायरी, दोन कामं

साइटवर दोन वेगळ्या वायरींना सरसकट "अर्थिंग" म्हणतात आणि त्यातून घोटाळा होतो. एक वायर मशीनच्या लोखंडी बॉडीपासून जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत जाते. ती एरवी रिकामी असते. बॉडीत करंट आला तर त्याला वाट देते. दुसरी जाड केबल जॉबला चिमट्याने लावतात. ती वेल्डिंगचा पूर्ण करंट परत आणते, म्हणजे शंभर-दीडशे अँपिअर सतत. पहिलीचं काम दुसरीकडून करून घेता येत नाही आणि उलटही नाही.

चिमटा शक्य तितका टाक्याजवळ लावायचा, आणि गंज व रंग खरवडून उघड्या लोखंडावर. तो लांब लावला किंवा सैल बसला तर करंट स्वतःच दुसरी वाट शोधतो. गेटच्या एका पाल्याला चिमटा आणि दुसऱ्या पाल्यावर टाका असेल, तर करंट बिजागरीतून जातो आणि बिजागरी जळते. जॉबवर ग्राइंडर ठेवलेला असेल तर करंट त्याच्या बारीक अर्थ वायरमधून परतायला बघतो. ती वायर आतल्या आत वितळते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच ग्राइंडरच्या बॉडीत फेज आला की मग कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

टेम्पो किंवा जीपच्या चासीवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, आणि चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लावा. नाहीतर बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग करंटच्या वाटेत येतात. आणि एका शेडवर दोन वेल्डर दोन सेट घेऊन काम करत असतील तर त्यांनी एकमेकांचे होल्डर हाताच्या अंतरात येऊ देऊ नयेत. जोडणी उलटसुलट असली तर दोन होल्डरमध्ये दोन्ही सेटचं व्होल्टेज एकत्र मिळू शकतं, म्हणजे दीडशे व्होल्टच्या वर.

सेट मांडण्याचा क्रम

जागा आधी बघा. सेट छपराखाली, जमिनीपासून उचलून फळीवर किंवा विटांवर ठेवा. वर विजेच्या तारा आहेत का ते पाहा. लांब पाइप किंवा शिडी उभी करताना त्यांना टेकू नये.

मग सप्लाय. १३० अँपिअर देणारा छोटा इन्व्हर्टर सेट सिंगल फेजवरून वीस अँपिअरच्या वर ओढू शकतो. बंगल्यातला सोळा अँपिअरचा प्लग अशा कामासाठी नाही. तो तापतो, वितळतो आणि भिंतीतली वायरही घेऊन जातो. ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग, त्याला साजेसा एमसीबी आणि तीन कोरांची पुरेशी जाड वायर हवी. मीटरच्या आधी आकडा टाकून सेट चालवला तर बोर्डावरचं कुठलंच संरक्षण उरत नाही. एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण सोडवून घ्या. गुंडाळलेली वायर आतून तापते. जोड असतील ते पाण्यात राहणार नाहीत असे वर टांगा, आणि चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पावसाळ्यात चालवूच नका.

वेल्डिंग केबल तांब्याची, दीडशे अँपिअरला किमान २५ चौरस मिलिमीटर आणि दोनशेला ३५. होल्डरचं आवरण तडकलेलं असेल तर तो टाकून द्या. केबल खांद्यावर किंवा कमरेभोवती गुंडाळून काम करू नका.

मशीनवरची ड्यूटी सायकल दहा मिनिटांची मोजतात. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर दहांतली सहा मिनिटं ज्योत आणि चार मिनिटं विसावा. विसाव्यात पंखा चालू राहू द्या.

चालू करण्याचा क्रम ठरलेला ठेवा: आधी बॉडीचं अर्थिंग, मग जॉबचा चिमटा, मग होल्डर कोरड्या, करंट न वाहणाऱ्या जागी अडकवायचा, आणि शेवटी मेन. बंद करताना उलट: आधी मेन, मग बाकीचं. शिडी चढताना, जेवायला जाताना, पावसाची सर आल्यावर, प्रत्येक वेळी मेन बंद करायचा आणि होल्डरमधला रॉड काढायचा.

रॉड, करंट आणि ओल

बाजारात बहुतेक कामाला ६०१३ जातीचा रॉड चालतो. पाकिटावर भारतीय मानकाचा ईआर ४२११ हा क्रमांकही असतो. दुकानात १२ नंबर म्हटलं की अडीच मिलिमीटरचा, १० नंबर म्हणजे ३.१५ चा, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटरचा रॉड मिळतो. सुरुवातीला मिलिमीटरमागे साधारण चाळीस अँपिअर धरायचे नाहीतर थोडे कमी: अडीचला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३०, चारला १३० ते १८०. करंट कमी पडला तर रॉड चिकटतो आणि टाका वर उंचवटा होऊन बसतो. जास्त झाला तर कड खणली जाते आणि पातळ पत्र्याला भोक पडतं.

लोणावळ्याच्या जुलैत रॉड सादळतात. ६०१३ थोडी ओल सहन करतो, फार सादळला तर शंभर अंशांच्या आसपास तासभर तापवून वापरता येतो. जाड आणि भार घेणाऱ्या कामासाठी वापरतात तो ७०१८ मात्र ओल अजिबात खपवून घेत नाही. ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, टाक्याखाली बारीक तडा जातो. हा रॉड तीनशे ते साडेतीनशे अंशांना एक ते दोन तास भाजून, नंतर गरम डब्यातून लागेल तसा काढून वापरायचा असतो. नेमका आकडा कंपनीच्या पाकिटावर असतो, तोच पाळावा.

वरून चकचकीत टाका आतून पोकळ असू शकतो, आणि मावळात लोखंडी कठड्याला टेकून फोटो काढणाऱ्यांची कमी नाही. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. माणसांचा भार घेणारं जुनं, गंजलेलं लोखंड हे ठिगळ लावण्याचं काम नव्हे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने ते पाहायचं, मग वेल्डरने होल्डर हातात घ्यायचा.

उजेड, धूर, आग

ज्योतीच्या उजेडात अतिनील किरण असतात. शंभर ते दोनशे अँपिअरला १० किंवा ११ नंबरची काळी काच हवी. साधा गॉगल चालत नाही. उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहिलं तरी सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी वाहतं. एक-दोन दिवसांत हे सहसा बरं होतं. त्यावर दुधाचे थेंब घालू नयेत, जंतुसंसर्ग होतो. दुखणं वाढलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. हेल्परला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांनाही हाच धोका असतो. आडोसा पत्र्याचा करावा. लोणावळ्यात सगळीकडे बांधलेली निळी ताडपत्री ठिणगीने पेटते. कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती आणि कोरडे. नायलॉनचा रेनकोट घालून वेल्डिंग करू नये, तो वितळून अंगाला चिकटतो.

धुराचा स्थानिक प्रश्न पॉलिहाउसचा. त्याचे सांगाडे जीआय पाइपचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पोलाद वितळण्याच्या खूप आधी पांढरा धूर उठतो. तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतो म्हणून लोक तो अंगावर काढतात. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन धूर छातीतून निघत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पाच-सात सेंटिमीटर जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा, पॉलिहाउसचे पडदे उघडा, वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने येईल असे उभे राहा आणि धुराचा मास्क वापरा. नंतर उघड्या सांध्याला जस्तयुक्त रंग द्या. शक्य असेल तिथे क्लॅम्प आणि बोल्टच बरे. प्लॅस्टिकच्या कागदाखाली ज्योत पेटवण्याची वेळच येत नाही. साध्या लोखंडाचा धूरही निरुपद्रवी नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत सहज उडतात. उन्हाळ्यात फार्महाउसभोवतीचं वाळलेलं गवत आणि गोठ्यातला भाताचा पेंढा पेटायला एक ठिणगी पुरते. परिसर आधी साफ करा, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर तिथे थांबा. डिझेल, ऑइल किंवा थिनरचं रिकामं पिंप वेल्डिंगला कधीच घेऊ नका. रिकाम्या पिंपातली वाफ भरलेल्या पिंपापेक्षा जास्त घातक असते.

करंट लागलाच तर

आधी मेन बंद करा, माणसाला हात नंतर. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने होल्डर बाजूला सारा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. माणूस उठून बसला, "काही झालं नाही" म्हणाला, तरी त्याला डॉक्टरकडे नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्या.

मालकाच्या हातात काय आहे

रॉड कुठला आणि करंट किती हे वेल्डरने ठरवायचं. काम कधी आणि कुठे व्हायचं हे मात्र बहुतेक वेळा मालक ठरवतो, आणि धोक्याचा मोठा वाटा तिथेच असतो. गेट किंवा शेडचे भाग दुकानात, कोरड्या फरशीवर वेल्ड करून आणावेत आणि जागेवर फक्त नट-बोल्टने जोडावेत. यासाठी मापं आधी घ्यावी लागतात आणि एप्रिलमध्येच ऑर्डर द्यावी लागते, एवढंच. जागेवर टाके मारावेच लागले तर मालकाने कोरडी फळी, तात्पुरतं पत्र्याचं छप्पर आणि योग्य प्लग द्यावा. आणि सर आली तर काम उद्यावर जाईल, त्या दिवसाची मजुरी तरीही मिळेल, हे आधीच बोलून ठेवावं. तेवढी बोली झालेली असली तर मजुरी बुडेल या धास्तीने भर पावसात कुणाला होल्डर उचलावा लागत नाही.